ग्रंथालयाचें पहिलें पान

ग्रंथालयाची खरी ओळख त्याच्या कपाटांवरून होत नाहीं, उंबरठ्यावरून होते. वाचक आंत शिरतो तेव्हां त्याची नजर प्रथम चार गोष्टींवर पडते : सूचनाफलक, नव्या पुस्तकांची मांडणी, वर्तमानपत्रांचें टेबल आणि ग्रंथसूचीचे कप्पे. ह्या चार गोष्टी नीट लावलेल्या असल्या म्हणजे दहा हजार पुस्तकांच्या पसाऱ्यांतही नवखा मनुष्य गोंधळत नाहीं. आणि त्या विस्कटलेल्या असल्या म्हणजे पांचशें पुस्तकांच्या खोलींतही तो वाट चुकतो. आतां ह्या उंबरठ्याशेजारीं आणखी एक उंबरठा तयार झाला आहे. तो म्हणजे संगणकाचा पडदा. संगणक चालूं केल्यावर जें पान वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें, ज्याला लोक ‘होमपेज’ म्हणतात, तें पान म्हणजे वरील चारी गोष्टींची एकत्र मांडणी होय. हें पान ग्रंथालयाला आपल्या गरजेप्रमाणें मांडतां यावें व वाटेल तेव्हां बदलतां यावें, ह्यासाठीं अनेक साधनें मिळतात. त्यांतून कोणतें निवडावें, हा आजचा विषय.

विषय वरवर पाहतां यंत्राचा वाटेल. वस्तुतः तो निवडीचा आहे, आणि निवड हें ग्रंथपालाचें जुनेंच काम आहे. बडोद्याचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानांत बोलाविलें आणि गांवोगांवच्या ग्रंथालयांची एक साखळी उभी करण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें. जेथें कायमचें ग्रंथालय चालणें शक्य नव्हतें तेथें पुस्तकांनीं भरलेल्या फिरत्या पेट्या पाठविण्याची व्यवस्था ह्या चळवळींत झाली. पेटी लहान असे. म्हणून तींत काय घालावें ह्यापेक्षां काय घालूं नये हाच प्रश्न मोठा. पेटी भरणाऱ्यास पुस्तकें माहीत असून भागत नसे. ती ज्या गांवीं जावयाची तें गांवही माहीत असावें लागे. संगणकाचें पहिलें पान ही आजची फिरती पेटी आहे. इंटरनेटवर जगांतला सारा पसारा आहे. त्यांतून आपल्या वाचकाच्या कामाचें तेवढें वेंचून एका पानावर मांडावयाचें, एवढाच ह्या उद्योगाचा अर्थ.

महाराष्ट्राला ग्रंथालयांची परंपरा नवी नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. १९६७ सालीं राज्यानें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्या कायद्याखालीं मान्यता मिळालेलीं व अनुदान घेणारीं ग्रंथालयें आज दहा हजारांहून अधिक आहेत. तीं अ, ब, क आणि ड अशा चार वर्गांत विभागलेलीं आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य लहान गांवांत आहेत. मोठ्या शहरांतील ग्रंथालयांना सल्ला देणारे जाणकार मिळतात. लहान गांवच्या ग्रंथपालास मात्र असा निर्णय बहुधा एकट्यानें घ्यावा लागतो. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार लहान गांवापासूनच करणें योग्य.

पुणें जिल्ह्यांतील पिंपळी हें गांव डोळ्यांपुढें आणावें. बारामतीहून इंदापूरकडे निघालें कीं थोड्याच अंतरावर तें लागतें. आषाढी वारींत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हालवून ह्याच वाटेनें काटेवाडीकडे आणि पुढें सणसरकडे जाते. भोंवतालीं नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरची ऊसशेती आहे. हाकेच्या अंतरावर बारामती. अठराव्या शतकांत मोरोपंतांनीं जेथें आपल्या आर्या रचिल्या तेंच हें गांव आज शाळामहाविद्यालयांनीं गजबजलेलें शहर झालें आहे. अशा ठिकाणच्या एखाद्या वाचनालयानें एक संगणक मिळविला, इंटरनेटची जोडणी घेतली आणि आतां पहिलें पान मांडण्याचें ठरविलें, अशी कल्पना करावी. पहिला प्रश्न साधनाचा नव्हे. पहिला प्रश्न असा कीं, येथें येतो कोण, आणि मागतो काय?

दहावीचा विद्यार्थी येतो. त्याला पाठ्यपुस्तक हवें असतें. बालभारतीचीं पुस्तकें तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा तरुण येतो. त्याला लोकसेवा आयोगाची जाहिरात, पोलीसभरतीची सूचना आणि अर्जाची शेवटची तारीख पाहिजे असते. ऊस बागायतदार येतो. त्याला हवामानाचा अंदाज, सातबाऱ्याचा उतारा, बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्राचा किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा सल्ला हवा असतो. बचतगट चालविणारी गृहिणी येते. तिला सरकारी योजनेचा अर्ज कोठें मिळतो हें विचारावयाचें असतें. निवृत्त शिक्षक येतात. त्यांना वाईच्या विश्वकोशांतली एखादी नोंद, केतकरांच्या ज्ञानकोशाचें एखादें पान, किंवा १८५७ सालच्या मोल्सवर्थच्या कोशांतला एखादा शब्द पाहावयाचा असतो. हे तिन्ही ग्रंथ आज घरबसल्या विनामूल्य पाहतां येतात, आणि मोल्सवर्थचा कोश तर शिकागो विद्यापीठानें संगणकावर आणून ठेविलेला आहे. शेवटीं एखादें सातआठ वर्षांचें पोर येतें. त्याला गोष्ट हवी असते. त्याच्यासाठीं ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रांसह मराठी गोष्टी आहेत.

ही यादी करण्यास संगणक लागत नाहीं. एक वही लागते. ग्रंथपालानें महिनाभर टेबलावर वही ठेवावी आणि ज्यानें जें विचारलें तें, नांव न लिहितां, टिपून ठेवावें. महिन्याच्या अखेरीस वहींत जे दहाबारा प्रश्न पुनःपुन्हा आलेले दिसतील, तेच पहिल्या पानाचे दहाबारा कप्पे. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें सांगितलीं, त्यांतील चौथें वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. पहिल्या पानाची कसोटी तीच. वाचकाचा वेळ जें पान वांचवीत नाहीं, तें कितीही देखणें असो, तो भिंतीवरचा शोभेचा कागद समजावा. तात्पर्य, आधीं यादी, मग साधन. बहुतेक ठिकाणीं हा क्रम उलटा होतो, आणि तेथेंच पैसा व श्रम वायां जातात.

आतां साधनांकडे वळण्यास हरकत नाहीं. त्यांचा इतिहास थोडक्यांत पाहिला तर निवडीचें अर्धें काम होतें. प्रत्येकानें आपलें पान आपण मांडावें ही कल्पना ‘माय याहू’ह्या सेवेनें १९९६ सालीं लोकांपुढें आणिली. २००५ साल हें ह्या कल्पनेच्या भरभराटीचें. त्या वर्षीं गूगलनें आपलें पान काढलें, ज्याला पुढें २००७ सालीं ‘आयगूगल’ हें नांव मिळालें. आणि त्याच वर्षीं पॅरिसमध्यें ‘नेटव्हाइब्ज’ निघालें. ह्या पानांवर लहान लहान चौकटी असत. एका चौकटींत बातम्या, दुसऱ्या चौकटींत हवामान, तिसऱ्या चौकटींत शोधयंत्र. चौकट बोटानें उचलावी तशी उचलून हवी तेथें ठेवतां येई. एखाद्या संकेतस्थळावर नवें कांहीं आलें कीं त्याची वर्दी आपोआप चौकटींत येऊन पडे. पैसा लागत नसे, यंत्रविद्या लागत नसे. ग्रंथपालांना हें साधन आवडलें नसतें तरच नवल. युरोप-अमेरिकेंतल्या कित्येक ग्रंथालयांनीं आपल्या वाचकांसाठीं अशीं पानें मोठ्या हौसेनें मांडलीं.

पुढें काय झालें? गूगलनें २०१२ च्या जुलै महिन्यांत सांगितलें कीं ही सेवा बंद होणार. आणि १ नोव्हेंबर २०१३ रोजीं ती बंद झाली. मध्यें सोळा महिन्यांची मुदत मिळाली, हें त्यांतल्या त्यांत भाग्य. नेटव्हाइब्ज २०१२ सालीं ‘दासो सिस्टेम्स’ह्या मोठ्या फ्रेंच कंपनीनें विकत घेतलें, लोकांसाठीं असलेली तिची मोफत सेवा पुढें कांहीं वर्षें चालली आणि २०२५ सालीं तीही आटोपली. दोन्ही सेवा चांगल्या होत्या. त्या वापरणाऱ्यांचा कांहीं अपराध नव्हता. परंतु सेवा चालविणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. ज्या दिवशीं त्याला ती परवडेनाशी होते त्या दिवशीं तो दुकान आवरतो, आणि भाड्याच्या जागेंत मांडलेला संसार भाडेकऱ्यानें उचलावयाचा असतो. ज्यानें आपल्या सामानाची यादी ठेविली तो दुसरीकडे जाऊन पुन्हां मांडामांड करितो. ज्यानें ठेविली नाहीं त्याची वर्षानुवर्षांची वेंचणी एका रात्रींत जाते. त्यानंतर वाचक येतो, पडदा पाहतो, आणि ग्रंथालय बंद पडलें असें समजून परत जातो. हानि पानाची होते ती लहान. विश्वासाची होते ती मोठी.

म्हणून साधनाची पहिली परीक्षा आंत शिरण्याची नव्हे, बाहेर पडण्याची. आपण जमविलेले पत्ते, टिपणें, वर्गवारी हें सारें एका फाइलींत उतरवून घेतां येतें काय, आणि ती फाइल दुसऱ्या साधनास वाचतां येते काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशीं विचारावा. उत्तर ‘होय’ असेल तर तें लगेच करून पाहावें. केवळ जाहिरातींत लिहिलें आहे म्हणून त्यावर विसंबूं नये. उत्तर ‘नाहीं’ असेल तर तें साधन कितीही मोहक असलें तरी दूर ठेवावें. ज्या घराला एकच दार आहे आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातांत आहे, त्या घरांत ग्रंथालय थाटूं नये.

दुसरी परीक्षा प्रवेशाची. पान पाहण्यासाठीं वाचकास नांव नोंदवावें लागतें काय, मोबाइलचा क्रमांक द्यावा लागतो काय, परवलीचा शब्द लक्षांत ठेवावा लागतो काय? लागत असेल तर तें साधन सार्वजनिक ग्रंथालयास योग्य नव्हे. वाचनालयांतला संगणक सामाईक असतो. एकानें उघडलेलें खातें तो उठून गेल्यावर तसेंच उघडें राहतें आणि पुढचा मनुष्य त्यावर बसतो. शिवाय कोणी काय वाचलें ही ग्रंथपालानें जपावयाची गोष्ट आहे, बाजारांत मांडण्याची नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठीं संसदेनें २०२३ सालीं स्वतंत्र कायदाच केला आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यावयाची तर पालकांची संमति लागते, असें त्यांत म्हटलें आहे. ज्या पानाला कोणाचीच माहिती लागत नाहीं, त्याच्या चालकास ही चिंताच उरत नाहीं.

तिसरी परीक्षा भाषेची. कित्येक साधनांची सारी मांडणी इंग्रजींत असते आणि मराठी अक्षरें तींत कशीबशी बसविलेलीं असतात. जोडाक्षर तुटतें, काना शेजारच्या ओळींत जातो, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. ह्याचें एक कारण जुन्या काळांतलें आहे. युनिकोड ही अक्षरांची जागतिक व्यवस्था १९९१ सालीं आली तरी मराठींत ती रुळेपर्यंत पुष्कळ वर्षें लोटलीं, आणि मधल्या काळांत प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट निराळा, त्याची आंतली खूण निराळी. त्या फॉन्टांतला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी यंत्राला तो मराठी आहे हें कळत नाहीं. त्यामुळें त्यांत शब्द शोधतां येत नाहीं. म्हणून पान युनिकोडमध्यें असावें, कप्प्यांचीं नांवें मराठींत असावींत, आणि तीं कार्यालयी मराठींत नसून गांवच्या बोलींतलीं असावींत. ‘अधिकार अभिलेख’ असें लिहिलेलें वाचून शेतकरी पुढें जाईल. ‘सातबारा’ असें लिहिलें तर तो थांबेल.

चौथी परीक्षा मोबाइलची. वाचनालयांत संगणक एक, पण येणाऱ्यांच्या खिशांत मोबाइल अनेक. पान रुंद पडद्यावर जसें दिसतें तसेंच अरुंद पडद्यावरही वाचतां आलें पाहिजे, आणि जोडणी मंद असली तरी उघडलें पाहिजे. चित्रांनीं व हालत्या चौकटींनीं भरलेलें पान शहरांत झर्रकन उघडतें; गांवांत संध्याकाळीं सारे एकदम मोबाइल उघडून बसले कीं तेंच पान अर्ध्यावर अडून राहतें. ज्यांची दृष्टि अधू आहे अशांसाठीं अक्षर मोठें करतां येतें काय, पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रास तें वाचतां येतें काय, हेंही ह्याच वेळीं पाहून घ्यावें. साध्या पानास हें सारें सहज साधतें. सजविलेल्या पानास क्वचित्.

पांचवी परीक्षा सर्वांत नाजूक आहे, कारण तिच्यांत गरिबाच्या पैशाचा प्रश्न आहे. सरकारी नोकरीच्या आशेनें तरुण मुलें शोधयंत्रांत दोन शब्द टाकतात आणि पहिल्या दिसणाऱ्या पत्त्यावर जातात. तो पत्ता कधीं जाहिरातीचा असतो, कधीं हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या खोट्या संकेतस्थळाचा असतो. तेथें अर्जाचें शुल्क भरलें जातें, आधारचा क्रमांक दिला जातो, आणि भरतीच्या दिवशीं कळतें कीं अर्ज कोठें गेलाच नाहीं. ह्या ठिकाणीं ग्रंथालयाचें पहिलें पान जें काम करूं शकतें तें दुसरें कोणी करीत नाहीं. ग्रंथपालानें स्वतः पडताळलेला खरा पत्ता तेथें ठेवावा. सरकारी पत्त्यांच्या शेवटीं बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ अशीं अक्षरें असतात, एवढी एक ओळ शेजारीं मोठ्या अक्षरांत लिहावी. म्हणूनच जें मोफत साधन आपल्या मर्जीनें पानावर जाहिराती आणून बसवितें, तें अशा कामास चालणार नाहीं. खऱ्या पत्त्याशेजारीं खोट्याची जाहिरात झळकली तर ग्रंथालयानें स्वतःच्या हातानें वाचकास खड्ड्यांत लोटल्यासारखें होईल.

ह्या पांच कसोट्या लावल्यावर बाजारांतल्या साधनांचे चार प्रकार पडतात. पहिला प्रकार चौकटींच्या पानांचा. नेदरलँड्समध्यें २००७ सालीं निघालेलें ‘सिंबालू’ हें त्याचें उदाहरण. रंगीत फरशा लावाव्यात तसे पत्ते मांडतां येतात. मुलांना तें आवडतें आणि तासाभरांत पान तयार होतें. मात्र येथें जागा भाड्याचीच, म्हणून बाहेर पडण्याची परीक्षा येथें कसून घ्यावी. दुसरा प्रकार खास ग्रंथालयांसाठीं केलेल्या साधनांचा. अमेरिकेतील ‘लिबगाइड्स’ त्यांत प्रसिद्ध आहे. विषयवार मार्गदर्शिका करण्यास तें उत्तम. पण त्याला वर्गणी पडते, आणि तें विद्यापीठांना व मोठ्या महाविद्यालयांना शोभतें. अनुदानावर चालणाऱ्या ड वर्गाच्या वाचनालयास तो खर्च सोसण्याचें कारण नाहीं.

तिसरा प्रकार ग्रंथसूचीच्या प्रणालीचा. येथें न्यूझीलंडची एक हकीगत सांगण्यासारखी आहे. होरोव्हेनुआ नांवाच्या भागांतील ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा समजण्यास असमर्थ होती, आणि नवी विकत घेणें त्या लहान संस्थेस जड होतें. तेव्हां तिनें १९९९ सालीं नवीच प्रणाली करून घेतली, ती २००० च्या आरंभीं चालूं केली आणि सर्व जगास मोफत देऊन टाकली. तिचें नांव ‘कोहा’. माओरी भाषेंत त्याचा अर्थ भेट. आज भारतांतलीं अनेक ग्रंथालयें ती वापरतात. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रानें ‘सोल’ व राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्रानें ‘ई-ग्रंथालय’ ह्या प्रणाली केल्या आहेत. ज्या ग्रंथालयाची सूची अशा प्रणालींत आहे, त्यानें तिचेंच दर्शनी पान आपलें पहिलें पान करावें. पुस्तकाचा शोध आणि बाहेरचे पत्ते एकाच ठिकाणीं येतात. परंतु ही प्रणाली सांभाळण्यास एक जाणता मनुष्य लागतो, हें विसरूं नये.

चौथा प्रकार सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. एका फाइलींत साध्या एचटीएमएलमध्यें लिहिलेलें एक पान : वर ग्रंथालयाचें नांव व वेळ, खालीं बारा पत्ते, प्रत्येकापुढें एक ओळ माहिती. महाविद्यालयांतला संगणकाचा विद्यार्थी तें एका दुपारींत लिहून देईल. ती फाइल संगणकावर ठेविली तर इंटरनेट गेलें असतांही पान उघडतें, निदान कोठें काय आहे हें तरी दिसतें. पेनड्राइव्हवर घातली तर शेजारच्या गांवास देतां येते. आणि एखाद्या संकेतस्थळावर चढविली तर मोबाइलवरही पाहतां येते. तिला कोणी बंद करूं शकत नाहीं, तिच्यावर कोणी जाहिरात लावूं शकत नाहीं, आणि वीस वर्षांनींही ती वाचतां येईल. जगांतलीं अगदीं आरंभींचीं पानें अशींच होतीं, आणि त्यांतलीं पुष्कळ आजही उघडतात, ह्याहून मोठें प्रशस्तिपत्र कोणतें?

पिंपळीसारख्या ठिकाणीं, सर्व बाजू पाहतां, हीच निवड शहाणपणाची ठरते : मूळ प्रत साध्या फाइलींत, तिची एक नक्कल कोणत्याही सोयीच्या संकेतस्थळावर, आणि पुढें सूची संगणकावर आली कीं तिचा दुवा सर्वांत वर. मुलांच्या कोपऱ्यासाठीं रंगीत चौकटींचें पान हवें असेल तर तें खुशाल करावें. मात्र त्यांतला प्रत्येक पत्ता मूळ फाइलींत असावा. भाड्याचें घर राहण्यास वाईट नसतें. दस्तऐवज तेवढे आपल्या पेटींत असावे लागतात. चौकटींच्या पानांत नव्या बातम्या आपोआप येतात, साध्या फाइलींत त्या येत नाहींत, हा तिचा उणेपणा खरा. परंतु लहान वाचनालयास दर घटकेच्या बातमीची गरज नसते. आषाढींत पालखीचें वेळापत्रक, परीक्षेच्या दिवसांत अर्जाच्या तारखा, पावसाळ्याच्या तोंडावर हवामानाचा पत्ता, एवढा फेरफार ग्रंथपालानें हातानें केला तर पान जिवंत राहतें. आणि हातानें करण्यांत तो एकेक पत्ता स्वतः पाहतो, हा लाभ वेगळाच.

साधन निवडल्यानें काम संपत नाहीं. तेथें तें सुरू होतें. पत्ते मरतात. सरकारी खातें आपलें संकेतस्थळ बदलतें, जुना पत्ता रिकामा राहतो, आणि कधीं कधीं तो रिकामा पत्ता भलताच मनुष्य विकत घेतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस बाराही पत्ते उघडून पाहावेत आणि पानाच्या तळाशीं तपासणीची तारीख लिहावी. तारीख वाचून वाचकास कळतें कीं येथें कोणीतरी राखण करीत आहे. दुसरी दक्षता किल्लीची. पानाचें खातें ग्रंथपालाच्या खासगी नांवानें असूं नये, संस्थेच्या नांवानें असावें. परवलीचा शब्द पाकिटांत बंद करून कार्यवाहांच्या कपाटांत ठेवावा. पान ज्यानें केलें तो मुलगा नोकरीसाठीं पुण्यास गेला आणि त्याच्याबरोबर किल्लीही गेली, असें होण्यास वेळ लागत नाहीं. संकेतस्थळाचें नांव विकत घेतलें असेल तर त्याच्या नूतनीकरणाची तारीख अनुदानाच्या तारखेइतकीच ठळक लिहून ठेवावी.

ह्या साऱ्याचा शहरांतल्या सुशिक्षित घरांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. शहरांतून गांवच्या वाचनालयास जुना संगणक, पुस्तकें, देणगी पाठविण्याची चाल चांगली आहे. परंतु देणारा बहुधा यंत्र देतो आणि यंत्रावर काय दिसावें हा प्रश्न सोडून देतो. रिकामा संगणक ही रिकामी पेटी आहे. देणगीबरोबर एक दिवस द्यावा, ग्रंथपालाजवळ बसून त्याची वही वाचावी, आणि त्याच्या बारा प्रश्नांचीं उत्तरें एका पानावर मांडून द्यावीं. ती देणगी यंत्राहून अधिक टिकेल. आणि दुसरा संबंध घरचाच. घरांतल्या वडील माणसांना वीजबिल कोठें भरावें, पेन्शनच्या दाखल्याचें काय करावें, कोणता पत्ता खरा आणि कोणता फसवा, हा गोंधळ शहरांतही तितकाच पडतो. त्यांच्यासाठीं असेंच एक साधें पान, मोठ्या अक्षरांचें, पडताळलेल्या पत्त्यांचें, घरच्या मुलानें करून द्यावें. फिरती पेटी गांवाला जेवढी उपयोगी, तेवढीच ती घरालाही.

बडोद्याच्या पेट्या ज्यांनीं भरल्या त्यांच्यापुढें लांकडी पेटीची निवड हा प्रश्न कधींच मोठा नव्हता. पेटी भक्कम असावी, तिचें कुलूप आपल्या हातीं असावें, आणि ती उचलून दुसऱ्या गांवीं नेतां यावी, एवढें त्यांनीं पाहिलें. बाकीचें सारें लक्ष आंतल्या पुस्तकांवर आणि वाट पाहणाऱ्या वाचकांवर दिलें. संगणकाच्या पहिल्या पानासाठीं साधन निवडणाऱ्यानेंही तेवढेंच पाहावें.